तारेलगतची हरळी

आज सकाळी शांताबाई मेश्राम यांनी तारेपलीकडून मूठभर हरळी मागितली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

बाग तीच आहे, तारही तीच, आणि भाद्रपद दरवर्षीसारखा. पाऊस दोन-चार दिवस दडी मारून बसतो, ऊन मानेवर येतं, भिंतीच्या पायथ्याशी ओलसर वाफ उठते आणि विटांच्या फटीतून हरळीची काडी बाहेर डोकावते. सकाळी पाहावी तर नखाएवढी, संध्याकाळी बोटभर. नागपुरात बोलणं होतं ते मे महिन्याच्या उन्हाचं. भादव्याचं ऊन जास्त चावतं, कारण तोवर अंग पावसाला सरावलेलं असतं. शांताबाईंची हाक आली तेव्हा माझ्या हातात बादली होती. पाणी चपलेवर सांडत राहिलं आणि ते मला बऱ्याच वेळानं कळलं.

मागणं साधं होतं, उत्तर एका शब्दाचं. ते द्यायला मला वेळ लागला.

हरळी आमच्या बागेत कोणी लावली नव्हती. माझे वडील, नाना, भूमापन खात्यातून निवृत्त झाले आणि शहराच्या टोकाच्या ले-आऊटमध्ये त्यांनी घर बांधलं. तेव्हा समोर पऱ्हाटीचं, कापसाचं, शेत होतं आणि आजूबाजूला पाच घरं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेल्या माणसाला स्वतःची जमीन मिळाली, ती फाटकापासून ओट्यापर्यंतची. नानांनी तिथं दोरी लावून गुलाबाचे वाफे आखले. वाफ्यांना तिरप्या विटांची किनार, विटांना आलटून पालटून चुना आणि गेरू. त्यांच्या मते बाग म्हणजे सरळ रेषा. हरळीला सरळ रेषा ठाऊक नसते.

चौदा वर्षांपूर्वीच्या त्या वर्षी दुष्काळ संपून दोन पावसाळे झाले होते आणि जमिनीत जे काही दबलं होतं ते सगळं वर आलं. जुलैत नानांनी खुरपी काढली. मी एका दैनिकात उपसंपादक होतो, दुपारच्या पाळीला जायचो, म्हणून सकाळ माझी आणि हरळीची. आम्ही दोघं उकिडवे बसून खणायचो. वरची हिरवी काडी ओढली की हातात येते आणि समाधान वाटतं, पण खरा माल खाली असतो. पांढऱ्या, गाठीगाठींच्या, दोऱ्यासारख्या मुळ्या वीतभर खोल आडव्या पळत असतात. खुरपीनं एक तुटली की तिचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही जगतात. आम्ही जितकं खणलं तितकी हरळी वाढली. ऑगस्टच्या मध्याला ती विटांची किनार ओलांडून गुलाबांच्या बुंध्याशी पोचली होती.

शांताबाई तारेपलीकडे कपडे वाळत घालताना आमचं काम पाहायच्या. एकदा म्हणाल्या, "नानाजी, तुमी तिले खुडून नाही राहिले, तिचं बी पेरून राहिले." नाना हसले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी ते वाक्य माझ्या आईला जसंच्या तसं ऐकवलं.

मेश्रामांचं घर आमच्या उजव्या हाताला. मध्ये चार पदरी तार, कमरेएवढी. मेश्राम खापरखेड्याच्या वीज केंद्रात, पाळ्यांवर. घरात शांताबाई आणि दहा वर्षांची सुजाता. छप्पन साली दीक्षा घेतलेलं कुटुंब. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि तिच्यासमोर रोज ताजं फूल, बहुधा आमच्याच बागेतलं. त्यासाठी कोणी कोणाला विचारत नसे. त्यांच्या कढीपत्त्याची फांदी आमच्या बाजूला झुकली होती, ती आमची होती. आमची हरळी तारेखालून त्यांच्याकडे गेली होती, ती त्यांची. तारेचा उपयोग टॉवेल वाळवण्यापुरता होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नानांचे जुने सहकारी बोंडे आले. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग. हरळी पाहून त्यांनी खुरपी हा विषय हसण्यावारी नेला. संत्र्याच्या आळ्यातलं गवत ते नव्या औषधानं जाळतात म्हणाले. दोन दिवसांत साफ. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माणसाच्या हाती बाटली पाठवली. ती खस सरबताची रिकामी बाटली होती, हिरव्या काचेची, तोंडाला कागदाचा बोळा. आत तपकिरी द्रव. बाटलीवर सरबताच्या चिठ्ठीचा अर्धा तुकडा अजून चिकटलेला होता. औषधाचं नाव त्यावर असण्याचा प्रश्न नव्हता, आणि आम्ही ते विचारलंही नाही.

नाना सावध माणूस. चतुर्थी तीन दिवसांवर आली होती आणि ले-आऊटमधल्या घरांच्या दूर्वा, म्हणजे हीच हरळी, आमच्याच बागेतून जायच्या. मुली ताटली घेऊन पहाटेच येत. नाना म्हणाले, "औषध घालायच्या आधी चारही घरी सांगून ये. यंदा आपल्या दूर्वा कोणी नेऊ नका म्हणावं."

पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीचा. शहरातून पिवळ्या आणि काळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहून आलेली मुलं अजून गल्लीत ओरडत होती. रोगराई, इडापिडा घेऊन जा, असं. मी फाटकातून निघालो. चारही घरं उजवीकडं होती, म्हणजे मेश्रामांच्या फाटकावरून पुढं. शांताबाई अंगण झाडत होत्या. त्यांनी विचारलं, "कुठी चालले भाऊ?" मी म्हणालो, "इथंच जरा." चारही घरी गेलो. निरोप सांगितला. एका ठिकाणी चहा झाला. परत येताना शांताबाई झाडलेल्या जागेवर पाणी शिंपडत होत्या. मी पायात पाणी येऊ नये म्हणून जरा बाजूनं गेलो.

संध्याकाळी मी झारीत पाणी भरलं, बोंड्यांच्या माणसानं सांगितलेल्या मापानं औषध मिसळलं आणि फाटकापासून तारेपर्यंतची पट्टी भिजवली. झारी आणि हात नळाखाली तीनदा धुतले. बाटली न्हाणीच्या वरच्या फळीवर ठेवली, घरातल्या कोणाचा हात पोचणार नाही अशी. सगळी काळजी घेतल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी घातलेलं ते औषध सकाळी दिसत नाही. ते ऊन लागलं की काम करतं, हे मला नंतर कळलं. सकाळी गवत हिरवंगार होतं, दंवानं ओलं.

दुपारी बाराच्या सुमारास नानांनी मला बाहेर बोलावलं. पट्टी पिवळी पडत होती. पानांची टोकं भाजल्यासारखी वळली होती, आणि पाहता पाहता पिवळेपणा सरकत होता. नाना कमरेवर हात ठेवून उभे. "काम केलं गा औषधानं," ते म्हणाले. आवाजात मुलासारखा आनंद होता. मीही पट्टीवरून नजर फिरवत गेलो, फाटकाकडून तारेकडं. तारेशी नजर थांबली.

पिवळ्या गवतात तळहाताएवढी जागा उघडी होती. काळी माती दिसत होती.

दूर्वा तोडण्याची रीत असते. कोवळा शेंडा नखानं खुडायचा, तीन किंवा पाच पानांचा. एक इथला, एक तिथला. दूर्वा नेलेलं गवत मागाहून ओळखू येत नाही. इथं मूठ घालून ओढलेलं होतं. माती उकरली गेली होती आणि दोन मुळ्या वर लोंबत होत्या. पूजेसाठी असं कोणी तोडत नाही. मूठभर हरळी घरात एका कामाला लागते. घोळणा फुटला, नाकातून रक्त यायला लागलं, की हरळी वाटायची, फडक्यातून पिळायची आणि रस पाजायचा. माझ्या लहानपणी आईनं मला पाजला होता. आमच्या भागात उन्हाळ्यात आणि भादव्यात घरोघर पाजतात. त्याला गणपती लागत नाही.

मी तार ओलांडली. लेंगा टरकला, तो आवाज अजून आठवतो.

मेश्रामांच्या स्वयंपाकघरात पाटा धुऊन भिंतीला टेकवून ठेवला होता. टाकी लावलेल्या खाचांमध्ये हिरवं राहिलं होतं. सुजाता बाजेवर उताणी, कपाळावर ओलं फडकं, छताकडे पाहत पाय हलवत होती. शांताबाई पोळ्या लाटत होत्या. मी विचारलं, तारेजवळची हरळी तुम्ही नेली का.

"हो ना भाऊ. पोरीचा घोळणा फुटला सकाळी. भलकसं रक्त गेलं. रस पाजला तं पाहा, थांबलं."

किती पाजला, मी विचारलं. दोन चमचे, त्या म्हणाल्या. थोडा तिनं ओकला. कडू लागते म्हणत होती. हरळी कुठं कडू असते, म्हणून तिला रागावल्या.

मी सांगितलं. कोणत्या शब्दांत ते आठवत नाही. शांताबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी पाट्याकडे पाहिलं, धुतलेल्या, भिंतीला टेकवलेल्या. मग पिठाचा हात तसाच घेऊन त्या बाजेशी गेल्या आणि सुजाताच्या तोंडात बोट घालून जीभ पाहू लागल्या. सुजाता म्हणाली, "आई, पीठ." तव्यावरची पोळी जळाली. ती उतरवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी घरून बाटली उचलून आणली. सायकलरिक्षातून सरकारी दवाखान्यात पोचायला पंचवीस मिनिटं लागली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, औषधाचं नाव काय? मी सांगितलं, गवत मारायचं. त्यांनी पुन्हा विचारलं, नाव. ऑफिसात माझ्यासमोर रोज तालुक्यांच्या वार्ताहरांची पत्रं यायची. कुहीच्या वार्ताहरानं लिहिलेलं असायचं, धानावर मारायचं औषध पोटात गेल्यानं अमुक गावचा इसम दगावला. मी निळ्या पेन्सिलीनं समासात लिहायचो, ‘कोणतं औषध?’ आणि नाव आलं नाही तर वार्ताहराबद्दल मत वाईट करून घ्यायचो. डॉक्टरांसमोर मी खस सरबताची बाटली धरून उभा होतो.

बोंड्यांचं घर धरमपेठेत होतं. मूळ डबा तिथं होता. मी सायकल मागून घेतली आणि डबाच उचलून आणला. डॉक्टरांनी त्यावरचा बारीक मजकूर वाचला. वाचून झाल्यावरही ते डब्याकडेच पाहत राहिले. मग आतून एक जाड पुस्तक आणलं, पान काढलं, पुन्हा वाचलं. मला म्हणाले, "बर्डीच्या बाजारात जा आणि मुलतानी माती आणा. जेवढी मिळेल तेवढी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बायका तोंडाला लावतात ती, ते म्हणाले. हे विष मातीला चिकटतं, पोटात माती असली तर रक्तात कमी जातं. दुकानदारानं विचारलं, लग्नघर आहे का. मी हो म्हणालो आणि दोन्ही पिशव्या भरून घेतल्या. त्या संध्याकाळी सुजाता पेल्यामागून पेला माती प्यायली.

डॉक्टरांनी शांताबाईंना आणि मला व्हरांड्यात बोलावलं. पोटात गेलेलं कमी आहे, बरंचसं धुण्यात आणि ओकारीत गेलं असावं, असं म्हणाले. पण हे औषध लगेच काही दाखवत नाही. माणूस हिंडतो फिरतो, बोलतो. फुफ्फुसं धरली तर दहा-बारा दिवसांत कळतं, आणि तेव्हा करण्यासारखं काही नसतं. श्वास मोजत राहायचे. वाढायला लागले तर सांगायचं. त्यांनी हे सगळं खालच्या आवाजात, सुजाताकडे पाठ करून सांगितलं.

पोलीस शिपाई आला, कागद घेऊन. शेजाऱ्यांशी वैर आहे का? "नाही जी." तुम्हाला ठाऊक होतं का, औषध मारलं आहे? "मले मालूम नव्हतं." शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. शिपायानं लिहून घेतलं. कागदावर चार ओळी झाल्या. अशा बातमीला आमच्या पानावरही तेवढीच जागा असे.

मेश्राम खापरखेड्याहून दिवेलागणीला आले. बाजेच्या कडेला बसून त्यांनी मुलीचे तळवे हातात धरले. मला एवढंच विचारलं की जेवलात का.

श्वास मोजायला घड्याळ हवं होतं. मी माझं मनगटावरचं काढून दिलं. शांताबाईंना सेकंदाचा काटा नर्सनं समजावला आणि त्या दिवसापासून त्यांची नजर दोनच ठिकाणी असे, काट्यावर आणि पोरीच्या छातीवर. मी सकाळी जायचो. विचारायचो, किती. त्या सांगायच्या, वीस. बावीस. एकवीस. तिसऱ्या दिवशी, चतुर्थीला, सुजाताचं तोंड आतून सोललं. जीभ, गाल, टाळू. पाणी गिळताना ती डोळे मिटायची. बाहेर रस्त्यावरून गणपती वाजतगाजत चालले होते. वॉर्डातले लोक खिडकीशी गेले. शांताबाई गेल्या नाहीत; ढोलाच्या आवाजात त्यांचे आकडे चुकत होते आणि त्या पुन्हा एकपासून सुरू करत होत्या.

सहाव्या दिवशी सव्वीस झाले. डॉक्टर आले, नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. ताप होता, तोंडाच्या जखमांचा. दुसऱ्या दिवशी तेवीस. त्या एका दिवसात मी ऑफिसात काय केलं, मला सांगता येणार नाही. पान निघालं, एवढं खरं.

घरी नाना पट्टी खणत होते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, एकटे. मला खुरपी लावू देत नसत. आठव्या दिवशी त्यांनी मला ओंजळ दाखवली. वरचं गवत वाळून राख झालं होतं. ओंजळीत मुळ्या होत्या, पांढऱ्या, रसरशीत, गाठीगाठीला कोंब फुटलेल्या. औषध खाली पोचलंच नव्हतं. पोरीच्या तोंडाची साल काढणाऱ्या औषधानं हरळी मेली नव्हती.

नाना म्हणाले, "घरं तं पाच आहेत. मी चारच काहून म्हटलं?"

चार ही संख्या नानांची होती. मी ती तपासली नव्हती. पानावर आलेली प्रत्येक संख्या मी तपासत असे.

दहाव्या दिवशी सुजाता उठून बसली. तोंडाची साल धरायला लागली होती. मी गेलो तेव्हा आईच्या हातातलं घड्याळ तिच्याकडे होतं आणि ती स्वतःचे श्वास मोजत होती. "काका, तुमचं घड्याळ मागं चालते," ती म्हणाली. "वॉर्डातल्या घड्याळात वाजले तरी याच्यात वाजत नाही." बोलताना ओठ वाकडे होत होते. मी नर्सच्या टेबलामागच्या घड्याळाशी पडताळून पाहिलं. चार मिनिटं मागं होतं. दहा दिवसांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अनंत चतुर्दशीला डॉक्टरांनी घरी सोडलं. फुफ्फुसं स्वच्छ आहेत म्हणाले, आणि जाताना एकदा पुन्हा नळी लावून ऐकलं, स्वतःसाठी असावं. मेश्रामांची ड्यूटी होती, मी रिक्षा केली. विसर्जनाच्या गर्दीतून रिक्षा ढकलत न्यावी लागली. सुजाता आईच्या मांडीवर डोकं ठेवून गुलाल पाहत होती.

फाटकाशी उतरल्यावर शांताबाईंनी मुलीला आत पाठवलं. मग मनगटावरून घड्याळ सोडलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी चार घरी सांगाले गेलते. मी झाडून राहिली होती तेव्हा. जाताना गेले, येताना गेले." त्यांचा आवाज श्वास मोजतानाचाच होता, सपाट. "आमच्या घरी गणपती नसते. म्हणून थांबले नाही ना?"

त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. फाटक लावून घेतलं, नेहमीसारखं, कडी हळूच सरकवून.

मी त्या दिवशी मुद्दाम त्यांना टाळलं नव्हतं. ते माझ्या मनातच आलं नव्हतं. हे शांताबाईंना सांगावं असं मला अनेकदा वाटलं, आणि दर वेळी लक्षात आलं की हे सांगणं त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला हो म्हणणंच आहे.

शेजार मोडला नाही. वाट्या तारेवरून ये-जा करीत राहिल्या. त्यांच्याकडून कढीपत्ता, आमच्याकडून संक्रांतीचे लाडू. नाना गेले तेव्हा मेश्रामांनी खांदा दिला. सुजाता शिकली, शिक्षिका झाली, वाडीला दिली. मात्र बुद्धाच्या तसबिरीसमोरचं फूल त्या बाजारातून आणू लागल्या. एका भादव्यात मी त्यांना शाळेच्या मैदानाकडून येताना पाहिलं. पदरात हरळी होती. मैदान दहा मिनिटांच्या चालीवर आहे. तार ओलांडायला चार पावलंही पुरतात.

बाग आता रेषेत नाही. नानांच्या विटा खाली गेल्या, गुलाब दोनच उरले, आणि पट्टी पूर्ण हरळीची झाली. नानांनी नंतर खुरपी धरली नाही, मीही नाही. बाटली आणि झारी मी तेव्हाच खोल खड्डा करून पुरल्या. चतुर्थीला मुली ताटल्या घेऊन येतात. त्यांतल्या एकीलाही हे माहीत नाही.

आणि आज सकाळी हाक आली.

"भाऊ, सुजाता आली आहे वाडीहून. उन्हातनं आली, घोळणा फुटला तिचा. मूठभर हरळी घेऊ का?"

पूर्वी त्या विचारत नसत.

घ्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं. त्याऐवजी बादली खाली ठेवली, तारेशी वाकलो आणि मूठ घालून हरळी ओढली, मुळासकट. बादलीतल्या पाण्यात दोनदा खळबळून धुतली. त्यातल्या चार काड्या मी तोंडात घातल्या आणि चावल्या. हरळी जराशी गोड असते. शांताबाई तारेपलीकडे उभ्या होत्या. केस पिकलेत, हात कमरेवर. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

मी गिळेपर्यंत त्या थांबल्या. मग पदर पुढे केला.